खरवसाचा डबा

नेऱ्याला आमच्या घरात जमीन मुलग्यांच्या नावावर झाली आणि म्हशी बायकांच्या गळ्यात पडल्या. आजीनं राखल्या, आईनं राखल्या, आता मी राखते. आईनं जन्मभर म्हशी चारल्या तो माळ धाकट्या भावानं फार्महाऊसवाल्याला विकला आणि करंजाड्यात फ्लॅट घेतला. तिथं मी गेले की भावजय नाकाला रुमाल लावते. माझ्या लुगड्याला शेणाचा वास येतो म्हणे.

परवा म्हैस व्याली. भावाला कुठून कळलं कोण जाणे, गाडी घेऊन दारात हजर! हातात स्टीलचा डबा.

"ताई, चीक दे ना. खरवस खाऊन किती वर्सं झाली!"

डबा मी रिकामाच परत दिला.

"चीक पारडू प्यायलं. त्यानं आईचा माळ विकला नाय."