गाऱ्हाण्यात सायलीचं नाव

गगनबावड्याहून घाट उतरायला लागलो तशी गाडीतल्या पोरींची गाणी थांबली आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. माझं लक्ष मात्र मागच्या सीटवर, सायलीच्या गुडघ्यावर. सायली माझी भाची, आमच्या कबड्डी संघाची चढाईपटू. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतरची ही पहिलीच स्पर्धा. निघताना तिनं बजावलं होतं, "आत्या, इथं जमलं नाही तर मी खेळ सोडणार. मग मला समजवायला कुणी यायचं नाही." मी संघाची मार्गदर्शक, समजवणं हे माझं कामच. पण वाटेत माझ्या तोंडून एकच वाक्य निघत होतं, "गुडघा कसाय?"

मसुऱ्याजवळच्या एका गावात आमचा मुक्काम होता. यजमान आबा, स्पर्धेचे कर्तेधर्ते. अंगात बनियन, खांद्यावर पंचा आणि आवाज असा खणखणीत की पलीकडच्या वाडीनं ओ द्यावी. ताटात घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार डोसे) आणि गूळ घातलेलं नारळाचं दूध.

"जेवा गो पोटभर, लाजू नकात!" म्हणता म्हणता ते सायलीपाशी थबकले. "ह्या चेडू वळखीचा दिसता. देवगडाक खेळलला मां?"

"हो, दोन वर्षांपूर्वी," सायली पुटपुटली.

"तरीच! एकट्यान आमची वाट लावल्यान तेव्हा." चेडू म्हणजे मुलगी. ऑपरेशनचं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर गेलो. समोर एवढा मोठा समुद्र बघून पोरी किंचाळत पाण्यात धावल्या, एकीची चप्पल लाटेनं नेली. सायली उठली तशी मी ओरडले, "वाळूत पाय मुरगळेल! गुडघा!" ती मुकाट्यानं खाली बसली आणि शिंपले वेचत राहिली. चप्पल काही सापडली नाही.

दुपारी देवळासमोरच्या तांबड्या मैदानावर नारळ फुटला आणि आबांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं केलेली विनवणी. प्रत्येक वाक्याला गावानं "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. आमच्या पोरींना त्याची एवढी गंमत वाटली की त्यानंतर पाणी मागितलं तरी उत्तर "व्हय म्हाराजा!"

पहिला सामना बाकीच्या पोरींनी ओढून नेला. अंतिम सामन्यात गाठ पडली ती थेट यजमान गावाशी. वारा पडलेला, घामानं अंग निसरडं, पकड म्हणून बसेना. कोरड्या हवेतल्या आमच्या पोरींचा "कबड्डी कबड्डी" म्हणतानाच दम तुटत होता. वर गर्दीतून "घाटी इले, घाटी इले!" असा गिल्ला. सायली चढाईला जायची, चढाई मान्य होण्यापुरती रेषा कशीबशी ओलांडायची आणि रिकाम्या हातानं माघारी. मी बाहेरून घसा फोडत होते, "गुडघा सांभाळ!" ओरडले की तिची मान खाली जायची.

मध्यंतरात आम्ही चांगलेच मागे होतो. तरी आबांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. ते देवळाकडे तोंड करून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! आमची चेडवां पुढे आसत, ती पुढेच ऱ्हवांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तां घाटावरचा उंच चेडू, सायली त्याचा नाव, तां अजून पेटाक नाय. त्याचो पाय आमच्या चेडवांच्या हाताक गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि या गजरात आमच्या पोरी सगळ्यात पुढे! सवयीनं ओरडून गेल्या आणि मग एकमेकींची तोंडं बघत बसल्या.

माझं डोकंच फिरलं. तरातरा गेले. "आबा, लहान पोरीचं नाव घेऊन तिचा पाय हाती लागू दे म्हणता? शोभतं का?"

"बाये, रागावू नको," आबा अगदी गंभीर होते. "आमका त्या चेडवाचीच भीती वाटता."

मी परतले तर सायली ओठ दाबून हसत होती. मी काही विचारायच्या आत शिट्टी झाली.

पहिल्याच चढाईत ती आत घुसली आणि दोघींना शिवून आली. पुढच्या चढाईत आणखी एक. मी "गुड..." एवढंच म्हणाले आणि जीभ चावली. गर्दीतला गिल्ला थांबला होता. आता "धरा गो त्येका!" अशी काकुळती चालली होती. बघता बघता फरक एका गुणावर आला आणि शेवटची चढाई सायलीची.

तिनं कोपऱ्यातली शिवली, मधली शिवली. वळली, तोच तिसरीनं तिचा पाय धरला. तोच पाय. वर आणखी दोघी पडल्या. त्या ढिगातून तिचा हात मध्यरेषेकडे सरकत होता आणि वीतभर अलीकडे थांबला.

हरलो. गावानं जल्लोष केला आणि मी धावले. सायली पडूनच होती. अरे देवा, गेला गुडघा! इतक्यात ती उठली, तांबड्या मातीनं माखलेली, दोन्ही कोपरं सोललेली, आणि माझ्याकडे न बघता त्या तिसरीला टाळी दिली.

आबा नारळाचा प्रसाद घेऊन आले. "बाये, फुडच्या वर्षाक ह्येका आणू नको हां," म्हणाले आणि सर्वात मोठा तुकडा तिलाच दिला.

परतीला घाट चढताना सगळ्या झोपल्या. सायली मात्र टक्क जागी.

"एवढं काय झालं गं मध्यंतरात?" मी विचारलं.

"आत्या, ऑपरेशन झाल्यापासून घरात सगळे माझ्यासाठी घाबरतायत. तिथं आख्खं गाव मला घाबरलं. देवाकडं जायची वेळ आली त्यांच्यावर! केवढं बरं वाटलं सांगू!"

पाय, हवा, मैदान, गर्दी, सगळ्याचा हिशेब मांडत आले होते मी. माझ्या काळजीचंच तिला ओझं होत होतं, हे त्यात मांडायचं कधी सुचलंच नव्हतं. वाईट वाटलं, आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

"उद्या सकाळी मैदानावर ये," मी शेवटी म्हणाले. "आणि उशीर केलास तर तंगडं मोडून हातात देईन."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की अख्खी गाडी जागी झाली.