पेटीच्या कडीला लावलेलं मशीन

हे मी कुणालाच सांगितलं नाय. पोरीला नाय, बायको कमलला तर नायच — आणि आता ती राहिली नाय. तुम्हाला सांगतोय, पण तुम्हीपण कुठं बोलाल का, असं मनात येतंयच. स्वभावच तसा. काय करणार?

उस्मानपुऱ्यात पुढं माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मागं घर. शाळा चौथीपर्यंत. पण बॅटरीवरचं झटका मशीन मी डोळे झाकून बनवायचो — रानडुकरांसाठी शेताच्या तारेला लावतात ते. एक ट्रान्झिस्टर, हातानं गुंडाळलेली कॉइल. ट्रान्झिस्टर बॅटरीचा करंट सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, कॉइल त्याचं व्होल्टेज चढवते. जीव जात नाय, पण माणूस परत हात लावत नाय.

कमलचा धाकटा भाऊ दिनकर. त्यानं शेंद्र्याला तसंच दुकान टाकलं. तो येऊन गेला की माझ्या लोखंडी पेटीतल्या कॉइली कमी वाटायच्या. कोण देत असंल? घरात दुसरं होतं कोण?

मग — मी ते मशीन पेटीच्या कडीला लावलं. डुकरांसाठीचं. बायकोसाठी लावलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणली, "अहो, कानात शिट्टी वाजायलीय."

मला वाटलं, हिला कळलं. माझ्या तोंडून काढायलीय. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. खरं-खोटं बघावं म्हणून मशीनचा रेझिस्टन्स बदलला, सूर खाली आणला — आणि साठी उलटलेल्या माझ्या कानालाही ऐकू आली. बारीक, टोचणारी. कॉइलचीच होती ती.

आतून कमल ओरडली, "अगं बाई, आता तर लईच वाढली! तुम्हाला खरंच येत नाय ऐकू?"

"नाय," म्हणलं. "तुझा कान बिघडलाय."

आणि सूर परत वर चढवून ठेवला, म्हाताऱ्या कानाला पोचत नाय तिथं. समजून-उमजून.

तीन आठवडे. कानात कापूस घालून भाकरी थापायची. पोरीचा फोन आला की माझ्याच हातात द्यायची. कडीला एकदाही हात लावला नाय तिनं. मग कॉइली सापडल्या — अजिंठ्याच्या कामाला नेलेल्या पिशवीत, मीच ठेवलेल्या. तेव्हा तरी सांगायचं होतं की नाय? मी गुपचूप मशीन काढलं आणि तिला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. थेंब मिळाले. शिट्टी गेली.

पुढं सात वर्षं ती ज्याला-त्याला सांगायची, ह्यांनी नेलं म्हणून वाचले. मी ऐकून घ्यायचो.

औंदा दवाखान्यात, शेवटी-शेवटी, दिनकर भेटायला आला. त्याचा हात धरून ती म्हणली, "तुझ्या दाजींनी माझा कान वाचवला रे. दुसऱ्यानं लक्षबी दिलं नसतं."

दिनकरचे डोळे भरले. तो वाकून माझ्या पाया पडला.

मी पाय मागं घेतले नाय.