कापलेल्या कुरणावर पक्षी महोत्सव

परळी वैजनाथच्या फलाटावर उतरले तेव्हा पाठीवर पिशवी होती, गळ्यात दुर्बीण होती आणि डोक्यात एकच पक्षी होता, भोवत्या. घारीच्या गोतातला, पण घारीपेक्षा सडपातळ. लांब पंख किंचित वर उचलून गवताच्या शेंड्यांवरून तरंगत जातो आणि तरंगता तरंगता शिकार करतो. आम्ही रत्नागिरीकर समुद्रपक्ष्यांचे. भाद्रपद सरत आला की मी रोज पहाटे भाट्याच्या वाळूत जाऊन उभी राहते. उत्तरेकडून उतरणारे चिखलपायटे आणि तुतारी हे चिमुकले किनारपक्षी आता मला शेजाऱ्यांसारखे ओळखीचे झालेत. एखाददुसरा भोवत्या किनाऱ्यावरून पुढे जाताना दिसतो, पण तो जातो कुठे आणि रात्री निजतो कुठे, ते मी कधी पाहिलं नव्हतं. हा पक्षी झाडावर निजत नाही. संध्याकाळी उंच गवतात उतरतो आणि जमिनीवर झोपतो, तोही एकटा नाही, जमावानं.

माझी मैत्रीण सुनंदा नर्सची नोकरी संपल्यावर अंबाजोगाईतच राहिली. गेल्या वर्षी तिनं फोन केला होता. सिरसाळ्याच्या पुढे एका गावाच्या कुरणात तिनं संध्याकाळी भोवत्यांचा थवा उतरताना पाहिला होता. "मोजता मोजता अंधार पडला गं," म्हणाली. त्या एका वाक्यावर मी वर्षभर थांबले, आणि यंदा दसरा झाल्यावर आधी एसटीनं कोल्हापूर गाठलं आणि तिथून रेल्वेनं परळी.

सुनंदा स्टेशनाबाहेर उभी होती. औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा बारीक थर इथे रिक्षांवर, पानांवर आणि माणसांच्या भुवयांवरही बसलेला असतो. चहाच्या गाड्यावर आम्ही सुशीला (फोडणी दिलेले भिजवलेले मुरमुरे) खाल्ली. लिंबू पिळलेली, शेंगदाणे सढळ हातानं घातलेली. कोकणात हे का करत नाहीत, असा विचार करत होते तेवढ्यात समोरच्या खांबावर फलक दिसला. "भव्य पक्षी महोत्सव. परदेशी पाहुण्यांचे हार्दिक स्वागत." खाली डझनभर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो आणि वर एक पक्षी. नारिंगी चोचीचा, काळ्या अंगाचा, दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला! तो बिचारा जन्मात कधी बीड जिल्ह्यात यायचा नाही.

"हा कुठला महोत्सव?" मी विचारलं.

सुनंदाचा चेहरा पडला. "तेच कुरण. मलाही कालच कळलं. म्हटलं, तू निघाली असशील, आता काय सांगायचं."

मी हसण्यावारी नेलं. लोक पक्षी बघायला येणार असतील तर वाईट काय त्यात, असं मला तेव्हा खरंच वाटलं.

जीपगाडी सिरसाळ्याच्या बाजारातून निघाली. सोयाबीनच्या पोत्यांनी रस्ता अर्धा अडवलेला होता. पुढे काळी जमीन, फुटत आलेला कापूस, तुरीची पिवळी फुलं. जीपवाला मोठा बोलका होता.

"पाखरं बघाया रत्नागिरीहून आलाव?" त्यानं आरशातून पाहत विचारलं. "तकडं न्हाईत का पाखरं?"

"आहेत की. ही वेगळी आहेत."

"मंग लई जपून बघा. हितं आता पाखरांपरीस गाड्याच जास्ती यायल्यात."

तो चेष्टा करत होता असं मला वाटलं. टेकाड चढून गाडी वळली आणि कळलं की चेष्टा नव्हती.

सुनंदानं सांगितलेलं कुरण कंबरेएवढ्या गवताचं होतं. माझ्यासमोर होतं ते फक्त खुंटांचं मैदान. गवत मुळापासून कापलेलं. मधोमध लाल-पिवळा मांडव, त्याला झालरी, शेजारी जनरेटर आणि माणूसभर उंचीचे भोंगे. एका बाजूला गाड्या लावायला जेसीबीनं जमीन सपाट केली होती. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचे दोन मोठे पंख उभे केले होते, त्यांच्यामध्ये उभं राहून लोक फोटो काढत होते. सुनंदा खाली उतरली आणि खुंटांवर बसली. मला तर इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. माणसानं लग्नाला बोलवावं आणि नवरीलाच घराबाहेर काढावं, तसला हा प्रकार.

बांधाजवळ गवताचे ढीग पडले होते. एक बाई त्यातला एक ढीग हातांनी उकरत होती. कुबट वास येत होता. सुनंदानं ओळख करून दिली. या कौसाबाई. नवरा लिंबाजी. वस्तीवर मेंढरं राखून राहणारं घर. कुरण गावाचं, पण त्याची राखण यांच्याकडे. पोळ्यानंतर कुणाचं जनावर आत शिरू द्यायचं नाही, बी झडून गवत पिकलं की दिवाळीनंतर विळ्यानं कापायचं आणि अर्धं गावाला देऊन अर्धं आपल्या मेंढरांना ठेवायचं. त्या गवतावर त्यांची मेंढरं शिमग्यापर्यंत निघत. म्हणूनच वस्तीतली बाकीची घरं ऊस तोडायला जात तेव्हा हे दोघं मागे राहू शकत.

"हात घालून बगा ताई," कौसाबाई म्हणाल्या. "चुलीवानी गरम हाय."

खरंच आतून वाफ येत होती. हिरवं गवत ढीग लावून ठेवलं, त्यावर पाऊस झाला आणि सगळं सडलं.

"तुम्ही अडवलं नाही?"

"म्या काय अडविते? मालकाला इचारा. त्येंचा आज सत्कार हाय." सत्कार हा शब्द त्या तोंडातला खडा थुंकावा तशा बोलल्या.

दुपारी त्यांनी आम्हाला जेवायला थांबवलं. ज्वारीची भाकरी, येसरची (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची) आमटी, कच्चा कांदा. अशा दिवशीही ताटात दुसरी भाकरी विचारायच्या आधी पडली. लिंबाजी आले ते पांढऱ्याशुभ्र धोतरात. माणूस उंच, बोलणं हळू. दाराशीच घुटमळत होते.

"कशाला हो म्हणालात लिंबाजीभाऊ?" मी विचारलं.

"समदे आलते बाई," ते म्हणाले. "सरपंच आलते, समितीचे सायेब आलते. पारावर बसले, च्या झाला. म्हनले, पाखरांचा सन करायचा हाय, तुमच्या कुरनाचं नाव हुईल. गवत बी कापून तुमालाच देतो म्हनले. पावन्या मानसाला चार मानसांत न्हाई कसं म्हनावं?"

"चार मानसांत हो म्हनलाव," चुलीजवळून कौसाबाई बोलल्या. "आता मेंढरांम्होरं बी चार मानसंच टाका."

लिंबाजी खाली बसले आणि भाकरी कुस्करत राहिले. मला त्यांचा राग येत होता आणि येतही नव्हता. आपल्याकडे घरी आलेल्याला तोंडावर नाही म्हणणं ही केवढी अवघड गोष्ट आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या अवघडलेपणावरच स्वार होऊन जे येतात, त्यांचा राग मात्र मला पोटापासून आला.

तो राग घेऊनच मी महोत्सव समितीच्या अध्यक्षांना गाठलं. कडक इस्त्रीचे कपडे, छातीवर पिसाचा बिल्ला, बोलणं साखरेसारखं.

"रत्नागिरीहून? वा वा! ताईंचाही सत्कार घ्या रे."

"सत्कार राहू द्या. गवत का कापलंत?"

"स्वच्छता केली, ताई. इतके लोक यायचे, साप-किरडू निघालं तर? शिवाय पार्किंग हवं."

"आणि पक्षी कुठे उतरणार?"

त्यांनी अभिमानानं बांधाकडे बोट दाखवलं. तिथे जाळीच्या पिंजऱ्यांत वीतभर रोपं ओळीनं उभी होती. "त्यांचीही सोय केली आहे. झाडं मोठी झाली की बसतील."

"हे पक्षी झाडावर निजत नाहीत हो. गवतात निजतात. जमिनीवर."

"असं कसं? पक्षी म्हटल्यावर झाड आलंच." ते हसले, माझ्या अज्ञानाची कीव येऊन हसले. मी पुन्हा सांगितलं. गेल्या वर्षी याच गवतात ते कसे उतरले हे सुनंदानंही सांगितलं. त्यांनी मान हलवून ऐकलं, "पुढच्या वर्षी नक्की लक्षात ठेवू" म्हणाले आणि माइकवाल्याकडे वळले. भिंतीशी बोलले असते तर निदान प्रतिध्वनी आला असता.

ऊन कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. खुर्च्या भरल्या, भोंगे गरजले. सूत्रसंचालक दर दोन वाक्यांनी शेर ऐकवत होता. लिंबाजींचं नाव पुकारलं गेलं, "गवताळ रानाचा खरा राखणदार!" कापलेल्या रानावर उभं करून त्यांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. टाळ्या कडाडल्या. नेमकं तेव्हाच सुनंदानं माझा हात घट्ट धरला.

पश्चिमेच्या टेकाडावरून पहिला भोवत्या आला. तपकिरी मादी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. मागून आणखी दोन. मग चार-पाच एकदम. आणि त्यांच्यात एक नर, इतका फिकट की जवळजवळ पांढराच, पंखांची फक्त टोकं काळी. हा पांढुरका भोवत्या मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि मला आनंद होत नव्हता! ते कुरणावर आले, गिरकी घेतली, पुन्हा घेतली. शेकडो माणसं खाली बसली होती आणि एकाचीही मान वर नव्हती. सगळ्यांची तोंडं मंचाकडे, पक्षी त्यांच्या पाठीमागे.

"आता रत्नागिरीहून आलेल्या ताई दोन शब्द बोलतील!"

मला जायचं नव्हतं, पण माइक मिळत होता. शालवाल्याला हातानंच थांबवलं आणि म्हटलं, "सगळ्यांनी उभं राहा."

राष्ट्रगीत असेल असं समजून लोक झटकन उभे राहिले.

"आता मागे वळा आणि वर बघा. ज्यांच्या नावानं हा महोत्सव आहे ते आलेत. ते दरवर्षी इथल्या गवतात निजायला येतात. ते गवत आपण आपल्या खुर्च्यांसाठी कापलंय. जनरेटर बंद करा."

अध्यक्ष उठले होते, पण जनरेटरवाल्यानं कुणाला न विचारता खटका ओढला. एकदम शांत झालं. दिवे गेले आणि संध्याकाळ दिसायला लागली. पक्षी घिरट्या घालत खाली आले. एक मादी अगदी जमिनीलगत आली, पाय सोडले, खुंटांना टेकणार तोच पुन्हा उचलली गेली. थोडं पुढे जाऊन तिनं परत पाय सोडले. परत उठली. तसं सगळ्यांनीच एकेकदा करून पाहिलं. शेवटी तो फिकट नर उंच चढला, उत्तरेकडे वळला आणि त्याच्या मागून सगळे टेकाडापलीकडे गेले.

"गेले की," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता तरी कुणीतरी काहीतरी बोलेल. तेवढ्यात सूत्रसंचालकानं माझ्या हातातला बंद माइक घेतला आणि तो तसाच ओरडला. "आपल्या परदेशी पाहुण्यांच्या निरोपासाठी जोरदार टाळ्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढा संताप मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे.

लिंबाजींनी वाजवल्या नाहीत. नारळ हातात धरून ते तसेच उभे होते. मी मंचावरून उतरले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, उद्या येतेल का ती?"

"नाही वाटत, भाऊ."

रात्री आम्ही वस्तीवरच राहिलो. सकाळी दात घासत होते तेव्हा दारात मोटरसायकल उभी होती. ऊसतोडीचा मुकादम आला होता. बोलणी फार वेळ चालली नाहीत. मेंढरं येत्या बाजाराला काढायची आणि दोघांचा कोयता (ऊस तोडणारं जोडपं) टोळीत धरायचा, असं ठरलं. लिंबाजी मान खाली घालून हो हो म्हणत होते.

मी कौसाबाईंना म्हटलं, "गावात गवतासाठी बोलते मी. सरपंचांशी बोलते."

"नका बोलू ताई. बोलून गवत उगवतंय व्हय?" त्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग विचारलं, "त्या पाखरांला दुसरं रान घावंल का?"

"घावेल बहुतेक. शोधतील."

"पाखरांचं बरं हाय. लेकरू, भांडं, गोधडी, कायबी न्यावं लागत न्हाई."

परळीच्या स्टेशनावर सुनंदाचा निरोप घेतला. रत्नागिरीला पोचले, दुसऱ्या दिवशी पहाटे भाट्याला गेले. चिखलपायटे चरत होते. त्यांच्याकडे बघताना पहिल्यांदा मनात आलं की पक्षी बघायची हौस फार निरुपद्रवी असते, असं आपण उगाच मानत आलो. आपण पाहायला जातो, मग आपल्याला बसायला जागा लागते, सावली लागते, चहा लागतो, भाषण लागतं, आणि ज्याला पाहायचं त्याच्यापुरतीच जागा तेवढी उरत नाही. आणि त्याच्या जागेवर ज्या माणसाचं घर चालतं, तो तर हिशोबातच नसतो.

दिवाळीनंतर अध्यक्षांचा फोन आला. आवाज तोच, साखरेचा.

"ताई, महोत्सव फार गाजला. पुढच्या वर्षी तीन दिवसांचा करतोय, तुम्ही उद्घाटनाला हव्यात. आणि त्या लिंबाजींचा फोन लागत नाही हो. त्यांना जीवनगौरव द्यायचा ठरलाय."

"ते ऊस तोडायला गेलेत. मेंढरं विकून."

"अरेरे." त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. मग ते म्हणाले, "मग दुसरा कुणी राखणदार सुचवता का?"