लेकीच्या झटक्याचा व्हिडिओ

माझ्या मुलीला पहिला झटका आला तो मंद्रूपला, माझ्या सासरी. ती दुसरीत होती. सकाळी उठता उठताच तिचं अंग ताठ झालं आणि घरात एकच गोंधळ उडाला. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, सासूबाईंनी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. त्या गर्दीत मला माझ्या पोरीचा चेहराच दिसेना.

सोलापूरला डॉक्टरीणबाईंनी मशीन लावण्याआधी प्रश्न विचारले. झटका कुठून सुरू झाला? तोंड वाकडं झालं का, कुठल्या बाजूला? हाक मारल्यावर ओ देत होती का? कांदा कुणी आणला हे सगळ्यांना पाठ होतं. पोरीला नेमकं काय झालं ते एकालाही सांगता येईना. मग ईईजी काढला, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख. तो साफ आला.

"साफ आला म्हणजे फिट नाहीच, असं नसतं," बाई म्हणाल्या. "पुन्हा आलं तर कुशीवर वळवा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा."

सासूबाईंनी मात्र तिथंच निकाल लावला. "रिपोर्ट चांगला हाय की. म्हंजे भायेरचं हाय. आवसेला देवरशाकडं न्यायचं."

"नाही न्यायची," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

अमावास्येच्या आधीच पुन्हा झटका आला. मी तिला कुशीवर वळवलं, फोन उचलला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. सासूबाई कांदा घेऊन धावत आल्या. मी मोकळा हात आडवा धरला.

"सर की बाजूला! लेकरू तडफडतंय आन् तू शूटिंग करतीस? कसली आई हाईस गं तू?"

"आत्या, तिथंच थांबा!" मी ओरडले. सासूबाईंवर आवाज चढवण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्याची मला आजही खंत नाही.

त्या हलत्या व्हिडिओत स्पष्ट दिसलं. आधी ओठाचा डावा कोपरा फडफडतो, लाळ गळते, मग डावा हात झटके देतो. डॉक्टरीणबाईंनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि दुसरा ईईजी ती झोपेत असताना काढायला लावला. त्यात सापडलं. एपिलेप्सी. औषध सुरू झालं, देवरशी राहिला बाजूला.

भावकीत अजून म्हणतात, पोरगी तडफडत होती आणि ही बया फोन धरून उभी होती. होय, होते उभी. त्या घरात तेव्हा माझ्या लेकीकडे बघणारी मी एकटीच होते.