चाक फिरवल्यावर येणारा आवाज

साताऱ्याला काकांकडे गेले, तेव्हा अंगणात त्यांची जुनी लष्करी जीप जॅकवर उभी होती आणि काकू चक्क ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या होत्या. जीप काकांनी कधीकाळी लिलावात घेतलेली. आज तिच्या ब्रेकना ते नवे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, बसवत होते. चाकाजवळ बसून ते "दाब" म्हणाले की काकू ब्रेकवर पाय दाबायच्या, "सोड" म्हणाले की सोडायच्या.

काढलेला जुना लायनर पायरीवर पडला होता. मी तो उचलला. झिजून पापडासारखा पातळ झाला होता. गाडी किती पळाली, ते मीटर सांगतो. ती कुठल्या उतारावर, कुणाच्या म्हशीपुढे, कुठल्या पोराच्या चेंडूपुढे थांबली, ते मात्र या पट्टीलाच ठाऊक. इंजिनाचं कौतुक सगळे करतात. थांबवणारं आतल्या आत झिजतं, आणि पार संपत आलं की करकरतं. तेव्हा कुठे आपलं लक्ष जातं.

काकांनी चाक हाताने फिरवलं. आतून बारीक खरखर ऐकू आली.

"घासतंय की," मी म्हटलं.

"थोडं घासायलाच हवं. अगदी मोकळं सोडलं, तर घाटात ऐन वेळी धरत नाही."

"ऐकलंस ना?" काकू वरून मला म्हणाल्या. "आणि मी बोलले की ती कुरकुर!"

काकांनी चाक पुन्हा एकदा फिरवलं, आणि ते थांबेपर्यंत कान देऊन ऐकत राहिले.