खिडकी बंद करायचे व्हिडिओ

वाचनालयात दोन गोष्टी रोज साचतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी फडक्यानं झटकतो. किस्से झटकायला फडकं मिळत नाही. म्हणून लिहितो.

मी चौथी शिकलेला शिपाई. सगळे मला मामा म्हणतात. पुस्तकं देण्याच्या खिडकीत मी बसतो. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात, ते मला यादी न बघता माहीत आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आहे ते आहे.

शहर वाढलं. बायपासच्या पलीकडं नव्या कॉलन्या झाल्या. तिथले सभासद म्हणाले, इथं येऊन पुस्तक शोधण्यात दिवस जातो. मग अध्यक्षांनी ठरवलं, पुस्तक कसं शोधायचं याचे व्हिडिओ करायचे आणि मोबाइलवर पाठवायचे. लोक शिकले, की खिडकी बंद!

"मामा, तुम्हाला पण आराम," अध्यक्ष म्हणाले.

आराम मी कुणाकडं मागितला नव्हता.

*

पहिला व्हिडिओ आमच्या ग्रंथपाल देशपांडे मॅडमनी वाचन हॉलमध्येच सुरू केला. "नमस्कार, आज आपण शिकणार आहोत..."

"श्श्!" मी म्हणालो.

"मामा, व्हिडिओ चालू आहे!"

"नियम पण चालू आहे."

भिंतीवर 'शांतता राखा' ही पाटी मीच ठोकलेली. मॅडम शहाण्या. त्यांनी पुढचा सगळा व्हिडिओ कुजबुजत केला.

दुसऱ्या दिवशी एका सभासदाचा फोन आला. "मॅडमचा घसा बसलाय का? काहीच ऐकू येत नाही. तेवढं ते 'श्श्' मात्र एकदम क्लिअर आहे!"

*

पुढचा व्हिडिओ मॅडमनी बाहेर व्हरांड्यात केला. पावसानं दगा दिल्याचं ते तिसरं वर्ष. नळ नावालाच होते. गल्लीत टँकर कधी येईल ते देवाला माहीत. हॉर्न वाजला, की हातातलं टाकून पळायचं.

व्हिडिओ संपता संपता टँकर आला. हॉर्न त्यात भरला गेला. मॅडम म्हणाल्या, असू दे, कुठं पुन्हा करायचा! तसाच सभासदांच्या ग्रुपवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीतल्या शिंदेबाई दोन हंडे घेऊन फाटकात हजर. धापा टाकत होत्या.

"मामा, टँकर कुठंय? आत्ता घरात हॉर्न ऐकला!"

"सून मोबाइल बघत होती का?"

"व्हय."

"मग टँकर व्हिडिओत आहे."

बाईंनी हंडे खाली आपटले. "मग पाणी पण तिथंच भरू का?"

*

मॅडमनी तिसऱ्या व्हिडिओत कॉम्प्युटरवर एक पुस्तक शोधून दाखवलं. मधमाशीपालनाचं. मी कामाला लागल्यापासून ते कुणी मागितलं नव्हतं, म्हणून हाताशी होतं.

आठ दिवसांत त्या पुस्तकाला नंबर लागले! प्यायला पाणी नाही, फुलं कुठली, आणि माणसं मधमाश्यांच्या मागं.

फुलंब्रीचे एक मास्तर जीपला लोंबकळत ते घ्यायला आले. मी विचारलं, "मास्तर, माश्या पाळताय?"

"नाय हो. व्हिडिओत तेच नाव टाकायला सांगितलंय. आपण शिस्तीत गेलो!"

मॅडमनी व्हिडिओ बदलला. आता त्यात म्हणाल्या, "इथं तुमच्या आवडीच्या पुस्तकाचं नाव लिहा."

मास्तरांनी शिस्तीत लिहिलं, 'तुमच्या आवडीच्या पुस्तकाचं नाव'. कॉम्प्युटर म्हणाला, उपलब्ध नाही. मास्तर म्हणाले, "एवढं मोठं वाचनालय, आणि एक पुस्तक ठेवत नाहीत!"

*

छावणी भागातले सलीमभाई एसटीचे रिटायर ड्रायव्हर. शिकार आणि जंगलाची पुस्तकं वाचतात. मॅडमचा चौथा व्हिडिओ चांगला लांब होता. सलीमभाईंनी तो बाकावर बसून माझ्यासमोर पाहिला. मग परत पाहिला. मग खिडकीशी आले.

"मामू, पूरा देखा. दो बार देखा. लई बढिया है."

"मग?"

"मग क्या? अब बोलो, किताब किधर है?"

*

शेवटी मॅडम माझ्याकडं आल्या. "मामा, तुम्ही पुस्तक कसं काढता तेच शूट करते."

"मी तोंड दाखवणार नाही."

"बरं, हात तरी दाखवाल?"

हातात लपवण्यासारखं काही नव्हतं. उजवी करंगळी अर्धी आहे, बाइंडिंगच्या कटरखाली गेली. ती शहरभर माहीत आहे, असं मला वाटायचं.

मी नेहमीसारखा कपाटाशी गेलो. खालून दुसरा कप्पा, जाड पुस्तकांच्या मागं हात घातला, हवं ते काढलं, धूळ पुसली, पुढं धरलं. बोललो नाही. मिनिटभरात संपलं.

तोच व्हिडिओ चालला! मॅडमचे सगळे मागं पडले. नव्या कॉलन्यांत घरोघर गेला, म्हणे.

अध्यक्ष खूश झाले. "बघा, लोक शिकले. एक तारखेपासून खिडकी बंद."

म्हणजे मला माझ्याच हातानं घरी बसवलं.

*

एक तारखेला अध्यक्ष स्वतः नवं कुलूप घेऊन आले. "मामा, तुम्हीच लावा. मान तुमचा." मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्या खाली बघत होत्या.

मी कुलूप घेतलं. खिडकीचं एक दार ओढलं.

तेवढ्यात स्कार्फ बांधलेली एक बाई आत आली. बायपासकडून दोन रिक्षा बदलून आली होती. मागं तिच्या कॉलनीतल्या आणखी चार-पाच बायका. तिनं अध्यक्षांपुढं मोबाइल धरला. व्हिडिओ चालू होता.

"काका, हा हात कुठं बसतो?"

"ताई, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे," अध्यक्ष म्हणाले. "तो बघा, तिकडं."

"कॉम्प्युटर घरी पण आहे. आम्हाला हा पाहिजे. अर्ध्या करंगळीचा."

अध्यक्षांनी मोबाइल पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं.

कुलूप त्याच हातात होतं.