भिंतींना श्वास घेऊ देणाऱ्या शालिनीताई

शालिनीताई वर्दे यांची आणि माझी पहिली भेट इथे आखातात, करामा भागातल्या आमच्या कन्सल्टन्सीच्या ऑफिसात झाली, चौऱ्याण्णव साली. मी पुण्याहून नुकताच आलेला नवखा आर्किटेक्ट, त्या आमच्या सीनियर. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली उडप्याकडे गेले होते. त्या मात्र टेबलाशी बसून एका खिडकीचं चित्र काढत होत्या. टोकदार कमान आणि तिच्या आत दगडातच कोरलेल्या नाजूक फांद्या.

"मॅडम, ही कुठल्या प्रोजेक्टची?" मी विचारलं.

"ही बांधून साडेपाचशे वर्षं झाली रे. हात विसरू नये म्हणून मी काढते. आणि मॅडम नको, ताई म्हण. डबा आणलायस का?"

मी डबा आणला नव्हता. त्या दिवशी ताईंच्या डब्यातली अर्धी पोळीभाजी मला मिळाली आणि सोबत एका इंग्लिश खेड्यातल्या चर्चची ओळखही झाली.

आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या नव्या सभासदांना कदाचित ठाऊक नसेल, पण लग्नानंतरची पाच वर्षं ताई इंग्लंडमध्ये होत्या. तिथे जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका लहानशा ऑफिसात त्यांना नोकरी मिळाली आणि हे गावचर्च त्यांच्या वाट्याला आलं. गारगोटीच्या भिंती, चौकोनी मनोरा, ओकच्या लाकडाचं छत आणि तुळयांच्या टोकांना पंख पसरलेले लाकडी देवदूत. दर शतकातल्या गावकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे त्यात भर घातलेली. कुणी खिडकी मोठी केली, कुणी बाजूचं दालन जोडलं. करामातल्या घरी शुक्रवारी संध्याकाळी ताई आम्हाला त्याच्या स्लाइड्स दाखवत. एकदा आमच्या मित्राच्या मुलीने विचारलं, "बट आंटी, तीन वेगवेगळ्या आर्चेस आहेत. विच वन इज द रियल वन?"

"तिन्ही खऱ्या," ताई म्हणाल्या. "एक आजीने बांधली, एक आईने, एक मुलीने. घर एकच."

ताईंच्या कामामागचा विचार याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही. तो त्यांनी प्रत्यक्षात कसा आणला, हे मात्र सांगितलंच पाहिजे.

अठ्ठ्याण्णवमध्ये शारजाला, रोल्ला चौकाच्या जवळच, एका जुन्या घराच्या दुरुस्तीचं काम आमच्याकडे आलं. समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडांच्या जाड भिंती आणि वर वारा आत ओढून घेणारा मनोरा. मालक अबू रशीद सत्तरीचे, उंच, मितभाषी स्थानिक गृहस्थ. त्यांचे वडील व्यापारासाठी मुंबईला जात, त्यामुळे त्यांची हिंदी झकास होती. काम आमच्याकडे येण्याआधीच कुणीतरी भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवून टाकला होता. वरून सगळं गुळगुळीत दिसे, पण ताईंनी भिंतीला हात लावला, बोटाने टिचकी मारली आणि त्यांचा चेहरा उतरला. आत ओल कोंडली होती. मिठाने दगडाचं पीठ होत होतं.

आमचे मॅनेजर म्हणाले, "पेंट मारा आणि हँडओव्हर करा. खलास."

ताईंनी नकार दिला. सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचाच गिलावा करायला हवा, म्हणजे आतली ओल बाहेर पडेल आणि भिंत श्वास घेईल, असं त्यांचं म्हणणं. "वर्देबाई शेखला चुना लावायला निघाल्या," असा विनोद ऑफिसात फिरला. ताईंनी तो ऐकला, स्वतःही हसल्या आणि त्याच शुक्रवारी अबू रशीदना सहकुटुंब घरी जेवायला बोलावलं.

जेवणानंतर त्यांनी स्लाइड लावली. त्याच चर्चची उत्तरेकडची भिंत. तिथेही कुणीतरी मजबुतीसाठी म्हणून दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं आणि शतकानुशतकं टिकलेला दगड वीसेक वर्षांत भाकरीसारखा फुटू लागला होता. पुढच्या स्लाइडमध्ये सिमेंट काढून चुना भरलेली तीच भिंत होती, कोरडी आणि शांत. आतल्या बाजूला चुन्याच्या जुन्या थरांखाली सापडलेलं एक फिकट रंगचित्रही होतं.

अबू रशीद उठून पडद्याजवळ गेले. मग म्हणाले, "ये आपका मजहब का है?"

"नहीं."

"फिर आपने क्यूँ संभाला?"

ताई म्हणाल्या, "किसी के दादा ने दिल से बनाया था, बाबा. मेरे हाथ में आया, तो गिरने कैसे देती?"

म्हाताऱ्याने मान हलवली. "मेरे दादा का भी वैसा ही करो."

काम सुरू झालं. पण दुसऱ्याच आठवड्यात सिमेंट काढताना अंगणाकडची भिंत फुगली आणि तिचा एक कोपरा ढासळला. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. मीटिंगमध्ये अबू रशीदसमोरच मॅनेजरनी सगळा ठपका गणपत पाष्टेवर ठेवला. गणपत रत्नागिरीकडचा गवंडी, अल क्वोजच्या लेबर कॅम्पात राहणारा. त्याचा व्हिसा कॅन्सल करून त्याला परत पाठवायचं घाटत होतं. तो दाराशी उभा होता.

ताई उठून उभ्या राहिल्या. "गणपतने मी सांगितलं तेवढंच केलं. टेकू कमी पडले, ते ठरवले होते मी. कुणाला पाठवायचं असेल तर मला पाठवा."

त्यांचे यजमान तेव्हा आजारी होते आणि घर ताईंच्याच पगारावर चालत होतं. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मॅनेजर हातातले कागद चाळू लागले. शेवटी अबू रशीदच म्हणाले, "दीवार मेरी है. ये बहन काम करेगी, और ये आदमी भी."

भिंतीला नवे टेकू लागले. ढासळलेले दगड गणपतने एकेक करून पुन्हा रचले आणि ताई रोज भर उन्हात डोक्याला ओढणी गुंडाळून त्याच्याजवळ उभ्या राहत. चुना सावकाश सुकतो, त्याला घाई चालत नाही. पुढच्या रमजानमध्ये अबू रशीदनी त्याच अंगणात इफ्तारला आम्हा सगळ्यांना बोलावलं. ताईंच्या शेजारी त्यांनी गणपतला बसवलं आणि पहिला खजूर त्याच्या हातावर ठेवला. आज त्या घरात त्यांची नातवंडं वावरतात, आणि गणपत शारजात अशाच जुन्या घरांची कामं करतो.

ताई या महिन्यात साठ वर्षांच्या होत आहेत. नोकरीतून निवृत्त होत असल्या तरी त्यांचा बेत वेगळाच आहे. त्या इंग्लिश खेड्यातल्या लोकांनी त्यांना बोलावलं आहे. छताची एक तुळई मऊ पडली आहे म्हणे. येत्या उन्हाळ्यात आमच्यातल्या दोघा तरुण आर्किटेक्टना घेऊन त्या तिकडे निघाल्या आहेत. "या वयात छतापर्यंत चढणार?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "मग काय, तुळई खाली उतरून मला भेटायला येणार आहे?"

ताई, तुमच्या गुडघ्यांत बळ राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि पुढची कितीतरी वर्षं तुम्ही निरोगी, आनंदी आणि अशाच हट्टी असा. तुम्ही निःशंक चढा. शिडी धरायला खाली आम्ही आहोत.